वाऱ्याचे पैसे

आमचा डूगल पैज लावतो ती हरण्यासाठी. हसू नका. इतकी वर्षं त्याचं ठीकच चाललं होतं.

मी त्याची धाकटी बहीण, एफी. क्रेगहेवनच्या बाजाररस्त्यावर पैजांचं दुकान आहे, त्याच्या काचेमागे मी अर्धं आयुष्य काढलं. घोड्यांवाले येतात ते तोंड लपवत. गोल्फवाले येतात राजरोस, हातात पावाची पिशवी घेऊन, आणि येतात गुरुवारी, कारण स्पर्धा गुरुवारी सुरू होते आणि रविवारी संपते. दातांचे डॉक्टर येतात, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मिसेस पेट्री येते, बेकरीवाला गेडीस येतो, हाताचं पीठसुद्धा न झटकता. दोन पौंड, फार तर पाच. तिकडे अमेरिकेत नाहीतर दुबईत कुणीतरी खेळत असतो, त्याचं नावही यांना धड उच्चारता येत नाही. पण दोन पौंड लावले की तो चार दिवस घरचा होतो. त्याचा चेंडू वाळूत गेला तर मिसेस पेट्रीच्या घशाखाली घास उतरत नाही. रविवारी संध्याकाळी तो पुन्हा परका. याला कुणी जुगार म्हटलं तर आमच्याकडे लोकांना राग येतो. मलाही येतो.

तर डूगल. तो सुतार आहे, हात सोन्याचा, डोकं मात्र विचारू नका. सगळं जग ज्याच्यावर जीव आहे त्याच्यावर पैसे लावतं. हा त्याच्या विरुद्ध लावणार. लाडका खेळाडू शनिवारी सगळ्यांच्या पुढे असला, की हा दुपारी माझ्या काचेसमोर हजर: "हा जिंकणार नाही, यावर पाच पौंड." आणि खेळाडू जिंकला, पाच पौंड बुडाले, की याची स्वारी खुशीत, सगळ्यांना बिअर पाजणार.

हे खूळ आमच्या आजोबांकडून आलं. ते शिडाच्या होडीवर मासेमारी करायचे. भर समुद्रात वारा पडला की खिशातलं एक नाणं पाण्यात टाकायचे आणि म्हणायचे, घ्या, वारा विकत घेतला. आमच्या किनाऱ्यावर सगळेच टाकायचे. डूगलने लहानपणी ते ऐकलं आणि डोक्यात घट्ट धरलं: हवं ते मिळायला हवं असेल तर आधी थोडं द्यावं लागतं. समुद्र राहिला दूर, त्याने नाणं माझ्या काचेखालून सरकवायला सुरुवात केली. त्याला तो 'वाऱ्याचे पैसे' म्हणतो. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, सगळे चिडवतात, त्याला काही वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोठ्या खेळाडूंची स्पर्धा पहिल्यांदाच आमच्या गावच्या मैदानावर भरायची होती. आणि आमचा रुआरी, डूगलचा मुलगा, पात्रता फेरी खेळून तिच्यात पोचला होता. गावाला नुसता ऊत आला. गेडीसने त्याच्या नावाचा केक काचेत मांडला. जो उठेल तो माझ्याकडे येऊन रुआरीवर दोन पौंड लावत होता, भाव एकाला पाचशे, म्हणजे जिंकायची आशा जवळजवळ शून्य असताना. शहाण्या माणसांची मती गुंग होते ती अशी.

रुआरीसाठी मात्र ती गंमत नव्हती. छोट्या छोट्या स्पर्धा खेळत, व्हॅनमध्ये झोपत त्याने चार वर्षं काढली होती, आणि हे शेवटचं असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. इथे काही जमलं तर पुढे खेळायचं. नाही जमलं तर इथून दोन तासांवरच्या पर्थला, सावत्र वडिलांच्या गालिच्यांच्या दुकानात. माणूस चांगला आहे तो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण डूगलसमोर त्या दुकानाचं नाव निघालं की तो उगाच खिसे चाचपायला लागायचा.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात डूगल दुकानात आला. इकडेतिकडे बघितलं आणि काचेला नाक लावलं.

"रुआरी," तो म्हणाला. "कट चुकणार. पाच पौंड."

कट म्हणजे काय, तर दोन दिवस झाले की खालच्या निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात. उरलेले पुढचे दोन दिवस खेळतात आणि पैसे त्यांनाच मिळतात. म्हणजे हा गृहस्थ पोटचा पोरगा शुक्रवारी घरी जाणार यावर पैज लावायला आला होता.

"डूगल, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हळू बोल."

"हळू कशाला? तुझ्या पोराच्या विरुद्ध?"

"त्याच्यासाठी," तो म्हणाला. "विरुद्ध नाही, त्याच्यासाठी. इतकी वर्षं परक्यांसाठी टाकले. आता घरच्यासाठी टाकायची वेळ आली तर हात आखडू?"

"भाव तरी बघ रे बाबा. पाच टाकून वर एका चहाचेसुद्धा सुटणार नाहीत."

"मला सुटायलाच नको आहेत."

याच्यापुढे काय बोलणार, कपाळ? घेतले पैसे, दिली पावती. तेव्हा त्यात काही गैर नव्हतं. सुताराने पैज लावली, इतकंच.

रविवारी दोघंही माझ्याकडे जेवायला होते. रुआरी आला तो वैतागलेला. त्याची बॅग उचलणारा, म्हणजे त्याचा कॅडी, पाठ धरून अंथरुणावर पडला होता. डूगल 'अरेरे' म्हणून सूप पीत होता. रुआरीने चमचा खाली ठेवला.

"बाबा, तू उचलशील का?"

डूगलने वर बघितलं. "मी?"

"मैदान तुला पाठ आहे. आणि मला... म्हणजे तू असलास तर बरं वाटेल."

आता या दोघांचं कसं आहे ते सांगायला हवं. रुआरी आईबरोबर पर्थला गेला तेव्हा अजून शाळेत होता. त्यानंतर बापलेक बोलायचे ते फोनवर, आणि गोल्फबद्दल. किती फटके, कुठे चुकलास, वारा होता का. भांडण असं कधी झालं नाही. भांडायलाही जवळ असावं लागतं. त्या पोराने बापाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि डूगललाही आठवलं नसणार, कारण तो उठला आणि माझं कुंपण बघून येतो म्हणून बाहेर गेला. कुंपण कधीचं मोडकं होतं, तेव्हा कधी बघावंसं वाटलं नाही त्याला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "फळी बदलावी लागेल," म्हणाला. रुआरी म्हणाला, "म्हणजे हो ना?" डूगल म्हणाला, "हो म्हणजे काय, हो."

सोमवारी दुकान उघडायला गेले तर हा दारात उभा, चेहरा पांढराफटक.

"एफी, ती पैज रद्द कर."

खेळाडूंनी गोल्फवर पैज लावायची नाही, आणि त्यांच्या कॅडींनीही नाही, असा कडक नियम आहे. मंगळवारी तशी सही करून द्यायची होती. रुआरीने त्याला सहज सांगितलं होतं, जेवणानंतर, भांडी पुसता पुसता.

"लावलेली पैज रद्द होत नाही. तुला चांगलं माहीत आहे."

"मग मी पावती फाडतो."

"फाड. पावती फाटली म्हणून पैज फाटत नाही. यंत्रात गेली ती."

तो बाकावर बसला. मी दार आतून लावलं आणि चहा ठेवला.

"हे बघ," मी म्हटलं, "यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही. पोराला सांग. मग दोघं स्पर्धेच्या ऑफिसात जा आणि सांगा, पैज लावली तेव्हा मी कॅडी नव्हतो. माणसंच बसलेली असतात तिथे."

"आणि ते म्हणाले, दुसरा कॅडी आणा?"

"तर दुसरा आणेल."

"एफी," तो म्हणाला, "त्याने मला विचारलं ग. मला."

मला खूप राग आला होता, पण त्याने हे असं म्हटल्यावर मी त्याच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली. तरी मी म्हटलं, "आज सांग. आज सोपं आहे." तो "सांगतो" म्हणाला. मंगळवारी त्याने सही केली. बुधवारी म्हणाला, "आत्ता त्याचं लक्ष विचलित नको, एकदा सुरू होऊ दे." मी म्हटलं, "तुझ्यासारखा चालढकल्या जगात दुसरा नसेल." फोन आपटला मी.

गुरुवारी मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. मी सुट्टी घेऊन प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या कडेकडेने त्यांच्याबरोबर चालत होते. डूगल नुसता बडबडत होता. इथून उतार आहे, तिथे दिसतं तेवढं अंतर नाही, या टेकाडामागे तुझ्या आजोबांनी मला पहिली थप्पड मारली. रुआरी हसत होता आणि चेंडू जिथे जायला हवा तिथे जात होता. संध्याकाळी तो पहिल्या तिसांत होता. पोरगं दमून माझ्याकडे झोपायला गेलं आणि आम्ही पबमध्ये गेलो.

सगळं गाव तिथे. डूगलला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. आणि तेवढ्यात गेडीस, तो मेला, पिठाचं पोतं, ग्लास उंच करून ओरडला, "डूगल, यावेळी वाऱ्याचे पैसे टाकलेस की नाही? टाकले असशील तर उद्या जपून हं! एखादा सल्ला चुकला तर लोक म्हणतील, बापाने पैज मारली!"

सगळे खो-खो हसले. गेडीसला काही माहीत नव्हतं. त्याने नेहमीची टिंगल केली होती, उद्या पुन्हा केली असती आणि परवाही. पण मी डूगलकडे बघितलं. तोही हसला, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं, आणि ग्लास अर्धा ठेवून घरी गेला.

शुक्रवारी त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. बॅग उचलायची, ठेवायची, काठी पुसून द्यायची. रुआरीने विचारलं तर "हं", नाहीतर "तू म्हणशील तसं". पाचव्या होलवर रुआरी म्हणाला, "बाबा, घसा बसला का?" डूगल म्हणाला, "थोडासा." मी दोरीबाहेरून डोळे वटारले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

मला त्याच्या मनात काय चाललं होतं ते कळत होतं. काल बोलला ते सरळ मनाने. आज प्रत्येक शब्द तोंडात आला की त्याला गेडीसचा आवाज ऐकू येत होता. त्याला वाटत होतं, मी सांगितलं आणि ते चुकलं तर? तर मी पैज जिंकण्यासाठी सांगितलं नाही, हे मला तरी कसं कळणार? एका चहाच्या पैशांसाठी कोण असं करेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण संशय पैसे मोजत बसत नाही हो.

पोरगं एकटंच झगडत होतं. एक फटका इथे गेला, एक तिथे. शेवटच्या होलवर आला तेव्हा हिशोब अगदी सोपा झाला होता. चार फटक्यांत संपवलं तर शनिवारी खेळणार. पाच लागले तर घरी.

पहिला फटका त्याने झकास मारला. चेंडू माझ्यापासून हाताच्या अंतरावर, दोरीच्या आत येऊन थांबला. समोर ओढा, ओढ्यापलीकडे हिरवळ, हिरवळीवर झेंडा. झेंडा मुळीच हलत नव्हता. पण झेंड्यामागे स्पर्धेसाठी बांधलेला मोठा स्टॅंड होता, आणि त्याने खालचा वारा अडवला होता. वर स्टॅंडच्या टोकाला कापडं फडाफडा उडत होती, आमच्याच दिशेने. भरती लागली की तिथे वारा समोरून येतो. आमच्या गावात जन्मलेल्या कुणालाही विचारा. रुआरीनेही ऐकलं असेल कधीतरी, पण तो वाढला पर्थला.

"सात की सहा, बाबा?"

सात नंबरच्या काठीने मारलं तर चेंडू उंच जातो आणि लवकर पडतो. सहाने लांब जातो. समोरून वारा असताना सात म्हणजे थेट ओढ्यात. हे मला कळत होतं, मला, जिने आयुष्यात काठी धरली नाही. डूगलला कळत नव्हतं असं कसं म्हणू? मी बघितलं ना, त्याने त्या कापडांकडे बघितलं. त्याचे ओठ उघडले. 'सहा म्हण मेल्या, सहा म्हण.' मला ओरडता येत नव्हतं. बाहेरच्या कुणाचा सल्ला ऐकून खेळला असं वाटलं तर शिक्षा पोरालाच झाली असती.

"तुला योग्य वाटेल ते," डूगल म्हणाला.

रुआरीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग झेंड्याकडे बघितलं, आणि सात नंबर काढला.

फटका सुरेख बसला. चेंडू वर गेला, वर जाऊन जणू कुणीतरी त्याला धरून ठेवलं, आणि ओढ्याच्या मधोमध पडला. गावभर 'आऽऽ' असा एकच आवाज झाला. त्याने पाच केले. एका फटक्याने गेला. आणि डूगल पैज जिंकला.

संध्याकाळी मी खिमा-बटाटे केले होते. जेवायची कुणाला इच्छा नव्हती, पण काहीतरी करायला हवं ना. रुआरी मात्र नीट जेवला. फार थकलेली माणसं जेवतात तसा, एकीकडे बघत. डूगलने ताटाला हात लावला नाही. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. चांगली जोरात.

"रुआरी," तो म्हणाला, "मी तुझ्यावर पैज लावली होती. म्हणजे तुझ्या विरुद्ध. तू मला विचारायच्या आधी. मग सही केली, आणि सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी सांगितलं नाही."

रुआरीचा घास थांबला. मला वाटलं, आता टेबल उलथतंय.

"वाऱ्याचे पैसे?" तो म्हणाला.

"हो."

"किती?"

"पाच."

आणि तो पोरगा हसला! खरंच हसला. "अरे बाबा, तू लावले नसतेस तर मला वाईट वाटलं असतं. लहानपणी शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत तू आत्याच्या मैत्रिणीबरोबर एक पौंडाची पैज लावली होतीस, मी शेवटचा येणार म्हणून. आईने घर डोक्यावर घेतलं होतं. मला तर मस्त वाटलं होतं. मला वाटलं, बाबाने माझ्यासाठी वारा विकत घेतला."

डूगलच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मी उठून किटली ठेवायला गेले. मनात म्हटलं, सुटलो. एवढंसं तर होतं, आणि या गाढवाने आठवडाभर जिवाला घोर लावून घेतला.

माझ्या पाठीमागे रुआरी म्हणाला, "म्हणून घसा बसला होता का आज?"

डूगलची खुर्ची करकरली.

"बाबा, शेवटच्या होलवर. मी सात की सहा विचारलं तेव्हा. तुला माहीत होतं?"

मी किटली हातात धरून उभी राहिले. वळायचा धीर होईना.

"सहा," डूगल म्हणाला.

"नक्की माहीत होतं?"

"नक्की असं... बोललो असतो आणि चुकलं असतं तर? चेंडू हिरवळीपलीकडे गेला असता तर? तुझं वाटोळं मी केलं असतं, आणि खिशात पावती असती. मी तुला तोंड कसं दाखवलं असतं?"

"चुकलं असतं तर चुकलं असतं," रुआरी म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुला वारा सांगायला घेतला नव्हता, बाबा. वारा सांगणारे गावात ढिगाने आहेत. चार वर्षं मी एकटाच ठरवतोय. सात की सहा, सात की सहा. वाटलं, शेवटचीच वेळ असेल तर निदान कुणीतरी बरोबर असावं. आणि नेमका तिथे तू मला सोडून गेलास. माझ्या शेजारी उभा राहून गेलास."

डूगलने दोन्ही हात टेबलावर ठेवले. एवढे मोठे हात, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. "सॉरी" वगैरे काही म्हणाला नाही. आमच्या घरात ते कुणाला येत नाही.

"मी पैजेसाठी गप्प बसलो नाही," एवढंच म्हणाला.

"ते मला माहीत आहे," रुआरी म्हणाला. "तेवढं मला कळतं. तू स्वतःसाठी गप्प बसलास. तुझे हात स्वच्छ राहावेत म्हणून." आणि त्याने ताट उचललं, धुतलं, माझ्या गालाचा मुका घेतला, "छान झालं होतं, आत्या," म्हणाला आणि व्हॅन काढून पर्थला गेला.

मी खूप बोलले मग डूगलला. काय काय बोलले ते इथे सांगत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो आपणहून स्पर्धेच्या ऑफिसात गेला आणि सगळं सांगून आला. रुआरीला त्यांनी काही केलं नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. डूगलला सांगितलं, वर्षभर कुणाची बॅग उचलायची नाही. कोण बोलावणार होतं त्याला? पावती त्याने कधी वटवली नाही आणि दुकानात तो पुन्हा आला नाही. गुरुवारी गेडीस विचारायचा, "डूगल कुठे?" मी म्हणायचे, "तुझं तू बघ आणि पैसे काढ."

रुआरी गालिचे विकायला लागला. फोन यायचे, पण मला. बाबा कसा आहे, विचारायचा. मी म्हणायचे, त्यालाच विचार. तो म्हणायचा, हो, विचारतो. बापासारखाच चालढकल्या.

सप्टेंबरातल्या एका रविवारी माझ्या दारात व्हॅन थांबली. रुआरीने मागचं दार उघडून जुनी बॅग काढली. डूगल माझं कुंपण दुरुस्त करत होता, तिसऱ्यांदा. फळी पहिल्याच वेळी बसली होती, पण त्याला यायला काहीतरी निमित्त लागायचं.

"येतोस का?" रुआरीने विचारलं. "पैजबीज नाही. नुसतं खेळायला."

डूगलने हातोडी खाली ठेवली. मीही त्यांच्याबरोबर गेले, थर्मास घेऊन, कारण या दोघांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती.

पहिले दोन होल कुणी चकार शब्द काढला नाही. तिसरा होल समुद्राच्या कडेने जातो. एका बाजूला पुळण, दुसऱ्या बाजूला शेतं. रुआरी चेंडू ठेवून उभा राहिला, पण मारेना. डूगल बॅगेशेजारी उभा. मला वाटलं, आता हे असंच गप्प बसून मैदान संपवणार.

"समुद्राच्या बाजूने मार," डूगल एकदम म्हणाला. "वारा तिकडून आहे. चेंडू आत येईल."

अहो, मला कापलेल्या बार्लीचा वास येत होता. वारा शेतांकडून होता, लहान पोराने सांगितलं असतं. गडबडीत, घाबरून, त्याने उलटं सांगितलं होतं. रुआरीने माझ्याकडे बघितलं. त्यालाही वास आला होता, त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की," डूगल म्हणाला.

रुआरी वळला आणि त्याने समुद्राच्या बाजूने मारला. पूर्ण ताकदीने. चेंडू गेला तो आणखी बाहेर, आणखी बाहेर, आणि पुळण ओलांडून पाण्यात.

डूगल बघतच राहिला. मग त्याने नाक वर करून हवा हुंगली, आणि त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

"चुकलं," तो म्हणाला. "माझं चुकलं रे."

"हो, चांगलंच चुकलं," रुआरी म्हणाला. त्याने बॅगेतून दुसरा चेंडू काढला, खाली ठेवला आणि काठी हातात घेऊन बापाकडे बघत उभा राहिला. "बोल. आता कुठे मारू?"

डूगलने बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं, बराच वेळ धरलं. मग त्याने सांगितलं.